आजोबांनी रानाच्या पट्ट्या का पाडल्या?

मागच्या अंकात जुन्या वाटणीपत्रांबद्दल मी जेमतेम दोन परिच्छेद लिहिले, तर पत्रांचा गठ्ठा आला. आधी एक सांगून टाकतो. मी वकील नाही. १९८० पासून चौतीस वर्षं भूकरमापक म्हणून सातारा जिल्ह्यात साखळी ओढली, पोटहिस्से पाडले, भावाभावांची भांडणं बांधावर उभं राहून ऐकली. माझं ज्ञान तेवढंच. ज्यांचे दावे सध्या चालू आहेत त्यांची पत्रं बाजूला ठेवली आहेत. त्यांनी आपल्या वकिलालाच विचारावं. बाकीची उत्तरं खाली.

प्रश्न : आमचं गाव खटाव तालुक्यात. पणजोबांच्या चार मुलांची वाटणी १९३८ च्या सुमारास झाली. रानं चार होती. एकेकाने एकेक घेतलं असतं तर विषय मिटला असता. त्याऐवजी चारही रानांच्या चार-चार पट्ट्या पाडल्या. आज माझ्या एका पट्टीत ट्रॅक्टर वळत नाही. जुन्या माणसांना एवढंही कळत नव्हतं का?

कळत होतं. तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळत होतं, आणि घोळ तिथंच झाला.

तुम्ही 'चार रानं' म्हणता तेव्हा तुमच्या डोळ्यांपुढे चार सातबारे असतात. त्यांच्या डोळ्यांपुढे ओढ्याकडेची काळी, विहिरीखालचा मळा, मुरमाड टेपाड आणि कुसळाचा माळ असायचा. ही चार रानं क्षेत्राने सारखी असली तरी त्यांची तुलना होत नाही. ज्याच्या वाट्याला नुसता माळ गेला त्याने खायचं काय? बरं, नुसती काळी मिळालेलाही सुखी नसतो. पाऊस जास्त झाला की काळं रान चिबडतं, औत घालता येत नाही, आणि त्या वर्षी मुरमाडावरची बाजरीच घर तारते. पाऊस कमी झाला तर उलटं. १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ अंगावर घेतलेल्या माणसांची ही मुलं. प्रत्येक जातीच्या जमिनीत आपला पाय असावा, हा त्यांचा विमा होता. तो विमा त्यांनी चारही भावांना सारखा वाटला.

आता पट्ट्या उभ्याच का? कारण उतार. वरच्या अंगाला मुरूम उघडा पडतो, गाळ खाली बसतो. आडवं तोडलं तर एकाला दगडं आणि एकाला गाळ. उतारावरून वरपासून खालपर्यंत पट्टी पाडली की सगळ्यांना दोन्ही मिळतं, वरचा पाट किंवा गाडीवाटही प्रत्येकाच्या बांधाला लागते. शिवाय बैलाला लांब तास बरं पडतं, वळणं कमी होतात. तुमच्या पट्टीत ट्रॅक्टर वळत नाही, ही तक्रार बरोबर आहे, पण ती ट्रॅक्टरची आहे. बैलजोडी कुळवासकट तिथं आरामात वळली असती.

याची किंमत किती, तेही सांगतो. आमची साखळी ३३ फुटांची. तिचे सोळा आणे पाडलेले असत, आणि एक साखळी लांब, एक साखळी रुंद एवढी जागा म्हणजे एक गुंठा. समजा वीस साखळ्या लांब आणि आठ साखळ्या रुंद असं चार एकरांचं रान आहे. चार भावांना दोन-दोन साखळ्या रुंदीची एकेक एकराची पट्टी आली. मध्ये तीन बांध पडले. बांध तीन फुटांचा धरला तर तीन बांधांखाली जवळजवळ साडेपाच गुंठे गेले. पुढच्या पिढीत त्या पट्ट्या पुन्हा उभ्याच चिरल्या की बांध सात होतात. बांध पिकत नाही, पण त्याच्यावरून खून होतात, एवढं मी पाहिलेलं आहे.

आमच्या घरची वाटणी १९६६ साली झाली तेव्हा मी दहा वर्षांचा. सरकारी मोजणीची वाट कोण बघतो? बैलाचा कासरा घेतला, त्याला गाठी मारल्या आणि पंचांनी त्यानेच रान मापलं. पंचांत भावकीतला एकही नव्हता. एक शेजारच्या वाडीचा, एक आजीच्या माहेरचा आणि एक आमचा न्हावी, कारण तो कुणाच्याच बाजूने नाही यावर तिघा भावांचं एकमत होतं. आमच्याकडे रीत अशी की थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं. त्यामुळे थोरला हात राखून वाटतो. सगळ्यात वाईट वाटा आपल्याच पदरात पडणार हे त्याला माहीत असतं. पण आमच्या थोरल्या चुलत्यांनी वाटे पाडायला नकार दिला, म्हणाले, पुढं मला बोल नको. मग वाटे पंचांनीच पाडले, चिठ्ठ्या केल्या, पायलीखाली झाकल्या आणि घरातलं अजाण पोर म्हणून मला उचलायला बसवलं. वडिलांच्या नावाने मी जी चिठ्ठी काढली तिच्यात बाभळींचा तुकडा निघाला. वडील त्या दिवशी काही बोलले नाहीत. पुढची वीस वर्षं मात्र बाभळीचा काटा पायात मोडला की माझ्याकडे बघायचे.

तुकड्यांची ओरड काही आजची नाही. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात पिंपळे सौदागर गाव घर न् घर तपासलं. १७७१ साली तिथं सरासरी धारणा, म्हणजे एका खातेदाराची जमीन, ४० एकर होती, १९१४-१५ ला ती ७ एकरांवर आली होती. (त्याच गावात आता फ्लॅटचा दर चौरस फुटावर ठरतो. तिथं एकर कुणाला आठवत असेल असं वाटत नाही.) १९२७ साली मुंबई सरकारने लहान धारणांना आळा घालायला विधेयक आणलं, तेव्हा कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला विरोध केला. १९१८ सालच्या निबंधातही त्यांनी हेच मांडलं होतं की दोष नुसत्या तुकड्याच्या आकारात नाही. जमिनीवर पोट असणारी माणसं फार आणि लावायला भांडवल, अवजारं नाहीत, हे खरं दुखणं. विधेयक बारगळलं. पुढे १९४७ मध्ये तुकडेबंदीचा कायदा झाला, एकत्रीकरण आलं, सर्व्हे नंबरांचे गट झाले. कायद्याने ठरवलेल्या प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पडेल अशी वाटणी करता येईना. मग लोकांनी काय केलं? कागदावर गट एकच ठेवला आणि रानात बांध घातले. मी मोजणीला जायचो तेव्हा नकाशात एक रेघ नसायची आणि जागेवर पाच बांध असायचे. तुमच्या चौघांच्या वारसांना अदलाबदल करून एकेक सलग रान घ्यायचं असेल तर आजही घेता येईल. पण आधी माळ कोण घेणार ते विचारून बघा. १९३८ सालीही बैठक तिथंच अडली असणार.

प्रश्न : रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या जुन्या कागदात पणजोबांच्या नावापुढे 'हिस्सा २ आणे ८ पै' असं लिहिलंय. ही रक्कम आहे का? आणि आज त्याची जमीन किती होते?

रक्कम नाही, वाटा आहे. संपूर्ण मिळकत म्हणजे एक रुपया धरायचा. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. तुमचे २ आणे ८ पै म्हणजे ३२ पै, थोडक्यात सहावा हिस्सा. बहुधा खापरपणजोबांना निम्मी, म्हणजे ८ आणे आली असणार आणि त्यांच्या तीन मुलांत ती वाटली गेली असणार.

ही पद्धत देखणी होती. जमीन न तोडता नुसता हिशोब पुढे चालतो. ३२ पै चार भावांत गेल्या की प्रत्येकी ८ पै. पण पाच भाऊ झाले की पैलाही अपूर्णांक लागतो, आणि तिथून पुढे तलाठी आणि देव यांनाच कळेल असा मजकूर सुरू होतो. कोकणात एका सातबाऱ्यावर पन्नास नावं का असतात, त्याचं बरंचसं उत्तर यात आहे. घाटावर रान तोडलं, तुम्ही हिशोब तोडला. आंबा-फणसाची झाडंही अशीच आण्यांत, नाहीतर वर्षाच्या पाळीने. खोतकीचा कारभारसुद्धा खोताच्या घराण्यात पाळीने फिरत असे.

पिकाच्या आणेवारीशी, म्हणजे पीक किती आलं त्याच्या सरकारी अंदाजाशी, याचा गोंधळ करू नका, ते प्रकरण वेगळं.

प्रश्न : मी इंदापूर तालुक्यातली. माझ्या पणजोबांचा धाकटा भाऊ १९१९ ला वारला, मूलबाळ नव्हतं. त्यांची बायको तेव्हा एकोणीस वर्षांची. उरलेल्या दोन भावांचं १९२६ चं वाटणीपत्र माझ्यापाशी आहे. त्यात तिचं नावही नाही. 'भावजयीस अन्नवस्त्राकरिता विहिरीजवळील ३० गुंठे हयातीपर्यंत, विक्री अगर गहाणाचा अधिकार नाही' एवढंच आहे. ती १९६३ पर्यंत जगली आणि ते ३० गुंठे स्वतः कसत होती. नवऱ्याचा तिसरा हिस्सा तिला का नाही मिळाला?

या पत्राने मला दोन दिवस दुसरं काही सुचू दिलं नाही.

सरळ उत्तर असं : तिचा नवरा वाटणी होण्याआधी गेला. आपल्याकडे वारशाला मिताक्षरा, म्हणजे याज्ञवल्क्यस्मृतीवरची टीका, चालायची. विज्ञानेश्वराने ती चालुक्यांच्या कल्याणला बसून लिहिली. एकत्र कुटुंबातला भाऊ निपुत्रिक मेला की त्याचा हिस्सा उरलेल्या भावांच्या हिश्शांत आपोआप मिसळायचा. विधवेला अन्नवस्त्र, म्हणजे पोटगी. तोच नवरा मरण्याच्या आदल्या दिवशी विभक्त झालेला असता, तर त्याचा सगळा वाटा तिच्याकडे आला असता. हयातीपुरता आणि कारण असल्याशिवाय विकता न येणारा, पण सगळा. तिच्यामागे मुलगी असती तर ती वारस, आणि मुंबई इलाख्यात मुलीकडे आलेली अशी जमीन तिच्या पूर्ण मालकीची व्हायची. सगळा फरक 'वाटणी झाली होती की नव्हती' या एका गोष्टीवर. म्हणून जुन्या दाव्यांत साक्षीदारांना विचारलेले प्रश्न वाचा. चूल वेगळी होती का? सावकाराचं खातं वेगळं होतं का? खळं वेगळं मळायचे का? वाचताना प्रश्न फुटकळ वाटतात, पण एकेका चुलीवर एकेका बाईचं आयुष्य टांगलेलं असे.

तिच्या हातात एक हत्यार होतं. मुंबई इलाख्यात नवऱ्याने मनाई केलेली नसेल तर विधवेला दत्तक घेता येई, आणि दत्तक मुलगा मेलेल्या बापाचा हिस्सा मागायला उभा राहू शके. १९२६ च्या कागदात तिला ३० गुंठे, तेही विहिरीजवळचे, का दिले असतील? दिरांचं मन मोठं असेल. किंवा तिच्या माहेरची माणसं दत्तकाची भाषा बोलून गेली असतील. मला दुसरं जास्त संभवतं, पण कागद वाचून माणसांची मनं कळतात असं मी म्हणत नाही.

१९३७ च्या कायद्याने विधवेला नवऱ्याच्या हिश्शावर हयातीपुरता हक्क दिला, पण त्यानंतर मेलेल्यांच्या विधवांना. तुमच्या पणजीला त्याचा उपयोग नव्हता. १९५६ च्या कायद्याचा मात्र होता. १७ जून १९५६ ला हिंदू वारसा कायदा लागू झाला आणि पोटगीपोटी ताब्यात असलेल्या जमिनीची ती पूर्ण मालक झाली. 'विक्रीचा अधिकार नाही' ही अट गळून पडली. कागदात अट लिहिली असली तरी पोटगीच्या जमिनीला असंच लागू, हे सुप्रीम कोर्टाने १९७७ मध्ये तुळसम्मा यांच्या खटल्यात स्पष्ट केलं. ती त्याआधीच गेली होती. म्हणजे शेवटची सात वर्षं ते ३० गुंठे तिला विकता आले असते, मृत्युपत्राने कुणालाही देता आले असते. तिला हे कुणी सांगितलं असेल का?

आमच्या घरचं सांगतो. आजोबा १९६१ ला वारले, म्हणजे कायदा लागू झाल्यावर पाच वर्षांनी. जमीन वडिलोपार्जित, १२ एकर. वारसाच्या फेरफारात तीन मुलांची नावं लागली. आजीचं नाही, दोन आत्यांची नाहीत. १९६६ च्या वाटणीत आजीला 'मातोश्रींच्या पोटगीस' म्हणून २० गुंठे काढून ठेवले, ते तिघांनी पाळीने कसायचे आणि तिला वर्षाला चार मण जोंधळे घालायचे. गावाने वाखाणणी केली, पोरांनी आईची सोय केली म्हणून.

खात्यात लागल्यावर एका रात्री मी हिशोब मांडला. १२ एकर म्हणजे ४८० गुंठे. आजोबांच्या मरणाआधी वाटणी झाली असं कायद्याने धरायचं : आजोबा, आजी आणि तीन मुलगे असे पाच हिस्से, प्रत्येकी ९६ गुंठे. मुलांत वाटणी होताना आईला मुलाएवढा हिस्सा, हे याज्ञवल्क्यापासून चालत आलेलं आहे. तिला स्वतःहून वाटणी मागता येत नसे, एवढंच. मग आजोबांचे ९६ गुंठे सहा जणांत : आजी, तीन मुलगे, दोन मुली. प्रत्येकी १६. म्हणजे आजीचे ११२ गुंठे, पावणेतीन एकरांच्या वर, आणि एकेका आत्याचे १६ गुंठे.

आजी १९७९ ला गेली होती. आत्या होत्या. तो कागद मी घडी घालून ट्रंकेत ठेवला. त्या १६ गुंठ्यांत तेव्हा वडिलांच्या बाभळी होत्या आणि थोरल्या चुलत्यांचा नवा गोठा. लोकांचे हिस्से बिनचूक मोजून देणारा मी घरात गप्प बसलो. धाकटी आत्या २००३ ला गेली. दर दिवाळीला तिला चोळी-पातळ जायचं, आणि ती दर वेळी शेजारणींना उलगडून दाखवायची.

प्रश्न : भोर तालुक्यातल्या आमच्या गावात थोरल्या पातीकडे धाकट्या पातीच्या जवळजवळ दुप्पट जमीन होती. थोरल्याला जास्त वाटा देण्याचा कायदाच होता का?

मनूने सांगितलंय खरं : थोरल्याला विसावा भाग वर काढून द्यावा. पण मिताक्षरेने तो मोडीत काढला. तिचं म्हणणं असं की शास्त्रात असलं तरी लोकांना जे नकोसं झालं ते करू नये. आठ-नऊशे वर्षांपूर्वीचा माणूस हे लिहून जातो. आम्ही मात्र अजून लोकांना नकोशा झालेल्या नियमांची परिपत्रकं काढतो.

तेव्हा साध्या कुणबिकीच्या वाटणीत भाऊ सारखेच. तुमच्याकडची गोष्ट पाटीलकीची असावी. वतनात दोन वेगवेगळ्या चीजा असायच्या : उत्पन्न आणि मान. उत्पन्नाच्या तक्षिमा, म्हणजे हिस्से, पडायच्या, थोरली तक्षीम, धाकटी तक्षीम. तक्षीम विकताही यायची, निम्मी पाटीलकी विकल्याचे कागद पेशवाईतले कितीतरी आहेत. पण वडीलपणाचा मान विभागून जात नसे. पोळ्याचा पहिला बैल, होळीची पहिली पोळी, पहिला विडा थोरल्या घरी. आणि पाटीलकी चालवायची म्हणून तिच्यासोबतची जमीन बहुतेक ठिकाणी त्याच्याचकडे वहिवाटीला राहायची. शंभर वर्षं वहिवाट राहिली की धाकट्यांना ती थोरल्याची मालकीच वाटू लागते, आणि थोरल्याला तर वाटतेच. जमिनीपेक्षा मानाची भांडणं जास्त चालली, गोतसभेपासून थेट हुजुरापर्यंत. मुलकी पाटलांचं वतन १९६२ च्या कायद्याने संपलं. पोळ्याची भांडणं संपायला आणखी बराच काळ गेला. आमच्याकडे तर अजून थोडी शिल्लक आहेत.

प्रश्न : (बार्शीहून) १९३० पासून उताऱ्यावर एकट्या थोरल्या आजोबांचं नाव. चुलते म्हणतात, मालक तेच, तुमचा संबंध नाही.

तालुक्याला जाऊन जुनी फेरफाराची वही काढा आणि नावापुढे 'ए.कु.मॅ.' किंवा 'ए.कु.क.' आहे का बघा. एकत्र कुटुंब मॅनेजर, एकत्र कुटुंब कर्ता. शेतसारा कुणाकडून घ्यायचा ते सरकारला ठाऊक असावं म्हणून एकाचं नाव लावत. पुढे सातबारे पुन्हा पुन्हा लिहून काढताना ही तीन अक्षरं गळाली आणि घरोघर असे मालक जन्माला आले. सातबारा हा मुळात साऱ्याचा कागद, नुसत्या नावावरून कुणी मालक ठरत नाही. पण हेही बघा : मध्ये तोंडी वाटणी होऊन गेली असेल आणि तुमच्या आजोबांनी दुसरं रान घेतलं असेल, तर चुलत्यांचं खरं असू शकतं. अशी तोंडी वाटणी कायद्याने चालते. घरात साध्या कागदावरची 'याद' सापडते का शोधा. तिची भाषा बघा : 'पूर्वी वाटप झाले त्याची ही याद' असं असेल तर ती झालेल्या गोष्टीची नोंद ठरते. 'या कागदान्वये वाटप करीत आहोत' असं असेल तर तिची नोंदणी झालेली लागते. क्रियापदाच्या काळावर रानं गेलेली आहेत.

प्रश्न : आमच्या चौघा आजोबांत विहिरीच्या मोटेची पाळी आठ दिवसांची होती असं वडील सांगतात. आठवडा तर सातांचा. आठ का?

प्रश्न आवडला. सात दिवस चौघांत बसत नाहीत हे पहिलं कारण. पण तसं तर चार दिवसांचीही पाळी करता आली असती. एका दिवसात मोटेने फारसं भिजत नाही. मोट ओतायच्या थारोळ्यातून पाटाने पाणी रानापर्यंत जायचं, पाटाची तहान भागायची, तेवढ्यात दिवस मावळतो. सलग दोन दिवस मिळाले तर वाफे पुरे होतात. म्हणून दोन चोक आठ. आणि यात एक गोम आहे. पाळी सातांची असती तर एकाच्याच वाट्याला कायम बाजारचा दिवस आला असता, एकाला कायम सोमवार. आमच्या भागात सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. आठांच्या पाळीत वार दर खेपेला एकाने सरकतो, त्यामुळे कुणाचा सोमवार कायम बुडत नाही.

प्रश्न : वाटणीत देव कुणाकडे जातात?

देवघर थोरल्याकडे राहतं. बाकीचे नवे टाक, म्हणजे देवांचे धातूचे ठसे, करून घेतात. आमच्याकडे तरी असंच.

प्रश्न : घरात मोडीतलं एक वाटणीपत्र सापडलं आहे. कडा झिजल्यात. लॅमिनेशन करून ठेवू का?

मुळीच नको. लॅमिनेशन पुन्हा काढता येत नाही, आणि आत कागद खराब व्हायला लागला तर हात बांधलेले. उन्हात वाळवू नका, घड्या ताणून सरळ करू नका. उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढा, मग सुती कापडात सैल बांधून कोरड्या जागी ठेवा. मोडी वाचणारी माणसं आता बऱ्यापैकी तयार झाली आहेत, जिल्ह्याच्या गावी चौकशी केलीत तर कुणीतरी भेटेल. वाचून घेताना नुसतं 'आमच्या वाट्याला काय आलं' एवढंच विचारू नका. चतुःसीमा वाचायला सांगा. त्यात शेजाऱ्यांच्या रानांची जुनी नावं असतात, आणि मोजणीच्या वेळी कधीकधी तीच उपयोगाला येतात.

कागदाच्या तळाशी निशाण्या असतील. लिहिता न येणारा शेतकरी सहीऐवजी नांगर काढायचा. तो ओळखू येतो. त्या नांगरांच्या गर्दीत कुठे एखादं लहान वर्तुळ दिसलं तर शाईचा डाग समजून सोडू नका. बायका बांगडीची निशाणी करत. तसं वर्तुळ असेल तर त्याच्या शेजारचं नाव आधी वाचून घ्या आणि मला कळवा.